एक जूनची साठी की आषाढीची?

पत्र :

मी सांगली जिल्ह्यातली. सरकारी नर्सिंग शाळेत ट्यूटर होते, २०२४च्या ३१ मेला निवृत्त झाले. गेल्या सप्टेंबरपासून एका संस्थेमार्फत टांझानियात, न्जोम्बेजवळच्या एका हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत शिकवते. करार दोन वर्षांचा. पगार नाही, राहायला खोली आणि खर्चापुरता भत्ता. डिसेंबरात शाळा बंद असते तेव्हा महिनाभर घरी येणार आहे.

येत्या १ जूनला मला साठ पूर्ण होतात. मुलाने ३१ मेच्या रविवारी सांगलीत हॉल घेऊन ठेवलाय. दोनशे माणसं, केटरर, सनई, सगळं ठरलंय. तिकीटही तोच काढणार. पण त्याच आठवड्यात माझ्या इथल्या विद्यार्थिनींची परीक्षा आहे. जमणार नाही म्हटलं तर म्हणतो, "तिकडच्यांसाठी वेळ आहे, आमच्यासाठी नाही." इकडे विद्यार्थिनींना कुठून तरी कळलंय आणि त्यांची कुजबुज चालू आहे. त्या मला 'बीबी' म्हणतात, म्हणजे आजी! त्यांनी पैसे जमवून बोकड कापलं तर? मी शाकाहारी. आणि आपण द्यायला आलो, त्यांच्याकडून घ्यायचं कसं? त्यापेक्षा दार लावून गपचूप दिवस काढावा असं वाटतं.

तसा माझा खरा जन्म आषाढी एकादशीचा. वडील वारीला गेले होते, परत आल्यावर त्यांना कळलं. १ जून ही गुरुजींनी दाखल्यावर लावलेली तारीख. ह्यांचं काही म्हणणं नाही. काय करू?

उत्तर :

ताई, तुमचं पत्र संपादकांनी मुद्दाम माझ्याकडे दिलं, कारण माझी पन्नाशी टांझानियातच झाली. तीही धड झाली नाही, ते पुढे सांगते.

पत्र वाचल्यावर आधी पंचांग काढलं. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी, 'तसा' म्हणून लिहिली आहे. १ जून ही काही तुमची एकटीची तारीख नाही. आपल्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राची आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, पोराचं वय बसायला हवं, आईबापांना तारीख सांगता येत नाही, मग गुरुजी टाक दौतीत बुडवून '१ जून' लिहून मोकळे. त्यामुळेच ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. तुमचाही त्याच रांगेत झाला. गुरुजींनी तुम्हाला महिनाभर आधी जन्माला घातलं, सरकारने महिनाभर आधी घरी पाठवलं, तेवढं पुरे की! त्याच तारखेसाठी आता परीक्षा टाकून समुद्र ओलांडायचा?

आणखी एक. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. मुलाला मेअखेरचा रविवार असूनही हॉल मिळाला त्याचं कारण हेच असणार, लग्नं नाहीत. पण तुमच्या घरी साठीची शांत करायचं मनात असेल, उग्ररथ शांत म्हणतात ती, तर अधिकात ती नको, असं बहुतेक गुरुजी सांगतील. मुलाने हॉलवाल्याला विचारलंय, गुरुजींना विचारलेलं दिसत नाही.

तुमची आषाढी यंदा २५ जुलैला आहे, शनिवारी. म्हणजे तुम्ही साठ वर्षांच्या होणार त्या २५ जुलैला, आणि तिथून पुढच्या आषाढीपर्यंत तुमचं एकसष्टावं चालू राहणार. एकसष्टी नेमक्या दिवशीच झाली पाहिजे असं कुणी सांगितलं? आमच्या शेजारच्या काकांची त्या वर्षाच्या अगदी शेवटी झाली, कारण जावयाला रजा मिळत नव्हती. तुम्ही डिसेंबरात घरी येताच आहात. तेव्हा एकसष्ट दिव्यांनी ओवाळून घ्या, सनई लावा, दोनशे काय चारशे माणसं बोलवा.

तेव्हा मुलाला 'मी येत नाही' असं सांगू नका. 'डिसेंबरात कर' असं सांगा. या दोन वाक्यांत फार फरक आहे. नाही म्हटलं की तो रुसणार; काम सोपवलं की कामाला लागणार. हॉलचा ॲडव्हान्स डिसेंबरकडे वळवता येतो का ते विचारायला सांगा. नाहीच वळला, तर त्यातला थोडा बुडेल. बुडू दे. तिकिटाच्या मानाने ती रक्कम काहीच नाही. आणि तो जे 'तिकडच्यांसाठी वेळ आहे' म्हणाला, ते मनाला लावून घेऊ नका. आई वयाच्या साठाव्या वर्षी घर सोडून आफ्रिकेत गेली, हे पोरांना पचायला जड जातं. चारचौघांत कौतुक करतात आणि फोनवर भांडतात. त्याला ही साठी तुमच्यासाठी कमी आणि तुम्हाला आठवडाभर घरात बघण्यासाठी जास्त हवी आहे, असा माझा अंदाज.

आता ह्यांचं. एवढ्या पत्रात नवऱ्याबद्दल चार शब्द आहेत, 'ह्यांचं काही म्हणणं नाही'. ताई, चाळीस वर्षांच्या संसारानंतर माणसाचं काही म्हणणं नसतं तेव्हा ते असतंच. तुम्ही त्यांना विचारलंत का, की जुलैत इकडे येता का? मुलगा तिकीट काढायला तयारच आहे. ते उलट दिशेचं काढू दे. जुलै तिकडे कोरडा, पाऊस नाही. दारेसलामहून न्जोम्बे रस्त्याने सातशे किलोमीटरच्या आसपास आहे, तेव्हा एका दमात आणू नका, मध्ये इरिंगाला मुक्काम करा. तो हमरस्ता मिकुमीच्या अभयारण्यातून जातो, बसच्या खिडकीतून जिराफ आणि नशीब असेल तर हत्ती दिसतात. पुढे रुआहा नदीच्या खोऱ्यात गोरखचिंचेची झाडं लागतात, शेकड्यांनी, उलटी रोवल्यासारखी. तुम्हाला वाढदिवसाला काय हवं असं कुणी विचारलं तर ही झाडं ह्यांना दाखवायची आहेत असं सांगा. पिवळ्या तापाच्या लसीचं नियमांत काय आहे ते निघण्याआधी नीट विचारून घ्या. ती निदान दहा दिवस आधी टोचावी लागते आणि साठीपुढच्या माणसाला डॉक्टर विचार करूनच देतात. हे मी तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही सिस्टर.

हे सगळं सोपं आहे. अवघड ते पुढे आहे, आणि त्यासाठी मला माझी फजिती सांगावी लागणार.

२००८ साली मी टांगा शहराच्या बाजूला, घायपाताच्या मळ्यांच्या पलीकडल्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत होते. पन्नाशी आली. माझ्या डोक्यात हेच, तुमच्यासारखं : आपण द्यायला आलो. म्हणून मी टांगा शहरात जाऊन एका गुजराती दुकानदाराकडून ग्लुकोज बिस्किटांचे दीडशे पुडे आणले. शाळेच्या पटावर मुलं एकशे चाळीस, म्हणजे दहा वर. हिशेब चोख! प्रत्यक्षात त्या दिवशी धाकटी भावंडं आली, पाठीला बांधलेली तान्ही आली, शेजारच्या वाडीतली आली. मी खोकी घेऊन दारात उभी. शंभरावर पुडे गेल्यावर मला घाम फुटला. तेवढ्यात शाळेची स्वयंपाकीण आली, माझ्या हातातलं खोकं तिने काढून घेतलं, पुडे फोडले आणि प्रत्येक बिस्किटाचे दोन तुकडे करून वाटायला लागली. तेही संपलं. शेवटच्या पोरांना चुरा मिळाला, ओंजळीत.

मी बिस्किटांत इतकी गुंतले होते, की मागे आंब्याखाली काय चाललंय ते मला दिसलंच नाही. तिथे एक प्लॅस्टिकची खुर्ची मांडली होती, तिच्यावर धुतलेलं कापड घातलेलं. शेजारी टेबलावर चहाचा थर्मास, आणि मांदाझी, म्हणजे आपल्या बालुशाहीसारखी दिसणारी पण पाकात न घातलेली तळणी. मुख्याध्यापक खिशात भाषणाचा कागद घेऊन ताटकळत होते. मी तिथे पोचले तोवर चहा निवला होता आणि दोन शिक्षकांची बस सुटायची वेळ झाली होती. भाषण झालंच नाही. संध्याकाळी स्वयंपाकीणबाई वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक घडी घेऊन खोलीवर आली. कांगा होता. कांगा तुम्ही तिथे पाहिला असेलच : काठ छापलेलं सुती कापड, जोडीने मिळतं, आणि खालच्या अंगाला एक ओळ असते, बहुतेक वेळा म्हण. माझ्या कांग्यावर होतं, 'हाराका हाराका हाइना बाराका'. अर्थ सांगायला कुणी लागलं नाही. बाराका म्हणजे आपली बरकतच. घाईघाईला बरकत नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं की महिनाभर वहीत नावं लिहून त्यांनी त्या कांग्याचे आणि चहाचे पैसे जमवले होते. त्या समारंभाचा एकच फोटो आहे माझ्याकडे. त्यात मी नाही, खुर्ची आहे.

म्हणून सांगते ताई, घ्या. वर्षभर तुम्ही त्या मुलींना शिकवता, त्यांच्या चुका काढता, रात्रीच्या ड्युटीला सोबत उभ्या राहता. एक दिवस त्यांचा असू द्या. सतत देत राहणाऱ्या माणसाच्या शेजारी बसणं फार कष्टाचं असतं, हे मला पन्नाशीत कळलं, तुम्हाला साठीत कळेल. 'मी सगळा खर्च करते' असं तर अजिबात म्हणू नका. असे पैसे जमवण्याला तिकडे म्चांगो म्हणतात, आपल्याकडची वर्गणी म्हणा. लग्न असो की मयत, समिती बसते, वही निघते, ज्याच्या त्याच्या ऐपतीने आकडा पडतो. त्या वहीत तुमचंही नाव असू द्या, पण पहिल्या ओळीत नको आणि सगळ्यात मोठ्या आकड्याचं नको. तिकडे लाखाला 'लाकी' म्हणतात, शब्द आपल्याकडूनच गेलेला, आणि एक लाकी शिलिंग म्हणजे आपले साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. पटकन 'एक लाकी माझे' म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. आवरा.

बीबी म्हटल्याचंही वाईट वाटून घेऊ नका. त्या मुली तुम्हाला सकाळी 'शिकामो' म्हणतात ना? त्याच्या मुळाशी पाय धरण्याचा अर्थ आहे, आणि तुम्ही 'मरहबा' म्हणता तो आपला आशीर्वाद. तिकडे वय वाढलं की माणूस पायरी वर चढतो. सांगलीत तुम्हाला रिक्षावाला आजी म्हणाला तर राग येईल, तो वेगळा. हा नाही.

बोकडाचा प्रश्न पंचांगानेच सोडवला आहे, हे तुमच्या लक्षात आलं का? २५ला एकादशी, तुमचा उपास. समारंभ रविवारी, २६ला ठेवायला सांगा. द्वादशी, म्हणजे तुमचं पारणं, आणि त्यांचं चर्च सुटल्यावर सगळे मोकळे. तुमच्यासाठी भात, माहारागे म्हणजे राजम्याची उसळ, आणि चपात्या. चपाती तिकडे सणावाराचं जेवण आहे, रोजचं नाही, आणि नावही तेच. 'मी मांस खात नाही, माझं वेगळ्या पातेल्यात करा' एवढं आधीच स्वयंपाकघरात सांगून ठेवा. मग त्यांनी बोकड आणलं तर आणू द्या. तुमच्या साठीला त्यांनी उपाशी का राहावं? लग्नात तर तिकडे अख्खं भाजलेलं बोकड सजवून आणतात आणि त्याला केक म्हणतात. तुमच्यासमोर तसं काही आलं तर सुरी हातात घेऊ नका, हसून थोरल्या पाहुण्याकडे द्या. हे माझं मत. तुमच्या घरचं सोवळं कडक असेल तर तुम्ही ठरवा.

वेळेचा घोळ मात्र करू नका. वर्षभरात सवय झाली असेल, तरी घरच्यांना नाही. तिकडचं घड्याळ आपल्या घटकांसारखं, सूर्य उगवला की मोजायला सुरुवात. 'सा साबा' म्हणजे सात तास, म्हणजे दुपारचा एक. मी पहिल्या महिन्यात सकाळी सातला नटूनथटून एका बारशाला जाऊन बसले होते, यजमानीण अंगण झाडत होती. तेव्हा मुलाला व्हिडिओ कॉलची वेळ भारतातली सांगा : तिथला एक म्हणजे सांगलीत दुपारचे साडेतीन. आणि शुक्रवारी रात्री साडेनऊला, जेवून आडव्या होताना, फोन वाजायला लागतील, कारण इकडे बारा वाजलेले असतील. तुमच्या साठीत तुम्ही त्यांच्या घड्याळाने अडीच तास आधी शिराल. फोटो घालताना आजारी माणसं आणि लहान मुलं त्यात नाहीत एवढं बघा.

आणि पाणी! तिकडे वाढदिवसाच्या माणसावर तरुण पोरं बादलीने पाणी ओततात. साठीच्या बीबीवर बहुतेक ओतणार नाहीत, शिंपडतील. पण विद्यार्थिनी विशीच्या आहेत आणि जुलैत न्जोम्बेला हाडं गोठतात. जाडा स्वेटर आणि कोरडी साडी हाताशी ठेवा.

शनिवार तुमचा. पहाटे उठा, दिवा लावा, वडिलांची आठवण काढा. ते पंढरपुरात असताना तुम्ही झालात, यंदा तुम्ही दूर आणि वारी तिकडे, हिशेब बरोबर झाला. औक्षण कोण करणार म्हणाल, तर हे आले असतील तर तेच करतील. पुरुषाने ओवाळू नये असं कुणी म्हटलं तर माझं नाव सांगा. उपासाचं तुम्हाला काहीच कमी नाही. न्जोम्बे बटाट्याचा मुलूख, रताळी मिळतात, आणि शेंगदाण्याला तर तिकडे 'करांगा' म्हणतात, एकदा ऐकला की विसरत नाही. मिहोगो मिळाला तर तोही चालतो. आपला साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोच तो; सेलमकडच्या कारखान्यांत त्याचं दूध काढून दाणे पाडतात. उकडून, तळून, वर मीठ-तिखट आणि लिंबू. फक्त विकणारणीला विचारून गोड जातीचाच घ्या. कडू असतो तो नीट प्रक्रिया केल्याशिवाय विषारी.

खिचडी मात्र कंदाची होत नाही. तेव्हा ह्यांच्या बॅगेत एक किलो साबुदाणा टाकायला सांगा. मुलींना रविवारी एकेक चमचा चाखायला द्या. बहुतेक जणी तोंड वाकडं करतील, एखादी पुन्हा मागेल. जागा उरली तर राजगिऱ्याचे लाडू, हळदीकुंकवाचा करंडा आणि निरांजन. बिस्किटं नकोत.